गोळी बंद करू का?

मंगळवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या एका दुकानापुढे परवा एक बाई उभ्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढचं, बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळट डाग, म्हणजे जन्म विड्या वळण्यात गेलेला. "शुगरचं पावडर द्या," म्हणाल्या. दुकानदाराने चार डब्यांतून अंदाजाने जांभूळबी, मेथी, काडेचिराईत आणि गुडमार घेतलं, कागदावर बोटांनीच कालवलं आणि पुडी बांधली. सकाळ-संध्याकाळ चमचाभर, एवढंच सांगितलं. पुडी पिशवीत टाकता टाकता बाईंनी विचारलं, "मालक, ह्ये चालू केल्यावर दवाखान्याची गोळी बंद करू का?" मालक पुढच्या गिऱ्हाइकाचं ऐकत होते. तिकडेच बघत म्हणाले, "बघा की, तुमच्या मनानं."

बाई गेल्या. त्यांचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. सोलापुरात हा प्रश्न रोज कुठे ना कुठे विचारला जातो. शहराच्या पूर्व भागात तो तेलुगूत विचारतात, अक्कलकोटकडची माणसं कानडीत विचारतात, आणि त्याला सरळ उत्तर फार थोडे जण देतात. दवाखान्यात म्हणतात, पाला-बिला काही घ्यायचा नाही. दुकानात म्हणतात, निसर्गाचं आहे, अपाय नाही. दोन्हीकडे त्या वनस्पतीकडे कुणी नीट बघितलेलंच नसतं.

बाईंच्या पिशवीतली ती दवाखान्याची गोळी बहुधा मधुमेहावरची मेटफॉर्मिन असणार. तिचं मूळ एका झुडपात आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची वनस्पती आहे, तिथे ती जुन्या काळापासून औषधात वापरत. तिच्यातला गॅलेजिन हा घटक साखर उतरवतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं, पण तो विषारी निघाला. गॅलेगा चरून मेंढ्या मरतात. मग त्याच्याच जातकुळीतली, शरीराला सोसतील अशी संयुगं प्रयोगशाळेत बनली. मेटफॉर्मिन त्यांतलं एक, 1922 साली तयार झालेलं. पुढे पस्तीस वर्षं ते जवळपास पडूनच राहिलं. 1957 साली जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी ते मधुमेहींना दिल्याचे निष्कर्ष छापले. अमेरिकेत परवानगी मिळायला 1994 उजाडलं. म्हणजे झाडपाला एका बाजूला आणि गोळी दुसऱ्या बाजूला, ही विभागणीच खरी नाही. फरक आहे तो मोजमापाचा. गोळीत 500 मिलिग्रॅम म्हणजे आजही 500 आणि पुढच्या महिन्यातही 500. पुडीत किती, ते देणाऱ्यालाही ठाऊक नाही.

चमचाभर म्हणजे किती?

जांभूळबीचंच बघू. आपल्या आयुर्वेदिक औषधकोशात तिच्या चूर्णाची मात्रा 3 ते 6 ग्रॅम दिली आहे. चहाचा चमचा सपाट भरला तर दोन-तीन ग्रॅम चूर्ण बसतं, शिगोशीग भरला तर पाचच्या पुढे जातं. एकाच घरात सून सपाट भरते आणि सासू शिगोशीग, की मात्रा दुप्पट झाली. त्यात चार वनस्पतींचं मिश्रण असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला काय येतं, हा हिशोब आणखी वेगळा. औषधाच्या वयाचाही प्रश्न आहे. शार्ङ्गधरसंहितेत स्पष्ट सांगितलंय की वनौषधी वर्षभरानंतर गुणहीन होते आणि चूर्ण दोन महिन्यांनी वीर्यहीन. दुकानातल्या पोत्यांवर तारीख नसते. त्यातून आपला उन्हाळा असा, की पत्र्याखालचं पोतं मे महिन्यात हाताला गरम लागतं. सुगंधी तेलं असलेली द्रव्यं तर तिथेच अर्धी उडून जातात.

बी घरी करायची तर तिची एक गोम आहे. जांभळं येतात मृगाच्या तोंडावर, म्हणजे नेमकी हवा दमट व्हायला लागते तेव्हा. गर पूर्ण धुऊन काढायचा, बिया पसरून सावलीत वाळवायच्या, वरचं कागदासारखं टरफल सुटलं की काढून टाकायचं आणि आतले दोन भाग वेगळे करून पुन्हा वाळवायचे. बी वाकली किंवा दाताखाली चिवट लागली तर ती अजून ओली आहे. खटकन तुटली पाहिजे. ओली बी दळली तर पिठात गुठळ्या होतात, आठ-दहा दिवसांत कुबट वास येतो आणि बुरशी धरते. ते चूर्ण साखरेवर चालणं राहिलं बाजूला, ते यकृताला घातक. वास आला की फेकायचं. उन्हात ठेवून "बरं" करायचं नाही.

मेथीच्या बाबतीत पाया जास्त पक्का आहे. तिच्या दाण्यात विरघळणारा तंतू भरपूर असतो. तो पाण्यात फुगतो, बुळबुळीत होतो आणि जेवणातली साखर रक्तात हळूहळू उतरू देतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत यावर काम झालं, आणि त्या प्रयोगांत मेथी होती रोज 25 ग्रॅमपासून 100 ग्रॅमपर्यंत. पुडीतल्या चिमटीशी ताडून बघा. मेथी खायची तर अन्न म्हणून खायची, औषधाची चिमूट म्हणून तिचा फार उपयोग नाही. अख्खे दाणे गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात. रात्री भिजवून सकाळी वाटायचे किंवा भाजून दळून ज्वारीच्या पिठात मिसळायचे. मालदांडीच्या भाकरीत कडवटपणा बऱ्यापैकी झाकला जातो, वर शेंगाचटणी असली की विचारूच नका. सुरुवात 5 ग्रॅमने करायची आणि आठवड्याला थोडी थोडी वाढवायची, एकदम पंचवीसवर उडी मारली तर पोट फुगतं, जुलाब होतात. तंतू औषधालाही आतड्यात अडकवून ठेवू शकतो, म्हणून गोळी आणि मेथी यांत तास-दोन तासांचं अंतर हवं. इसबगोलालाही हेच लागू.

खरा धोका मेथीच्या पुढचा आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर साखर धोक्याइतकी खाली सहसा जात नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी साखर खाली ओढणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, त्यात मेथी किंवा गुडमार वाढवला आणि वर आषाढीचा निर्जळी उपास धरला, तर दुपारपर्यंत घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, वारीत चालणारे साखरेचे रुग्ण कमी नाहीत. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, साखर 70 च्या खालीच असेल तर पुन्हा तेच. उपास मोडला म्हणून विठोबा रागावत नाही.

विजयसाराच्या लाकडी पेल्यांची गोष्ट मात्रेच्याच चुकीची. यात्रेत, प्रदर्शनांत हे पेले दिसतात. रात्री पाणी ओतून ठेवायचं, सकाळी ते तपकिरी झालेलं प्यायचं. विजयसार काही थोतांड नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नव्याने मधुमेह निघालेल्या 97 जणांना त्याचा अर्क दिला होता. निष्कर्ष 1998 साली छापून आले. बारा आठवड्यांत 67 जणांची साखर आटोक्यात आली, त्यांतल्या बहुतेकांना रोज 2 ग्रॅम अर्क पुरला, काहींना 3 किंवा 4 लागला. मात्र हे सगळे सौम्य मधुमेहाचे नवे रुग्ण होते, आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. पेल्याच्या पाण्यात पहिल्या आठवड्यात काय उतरतं आणि तिसऱ्या महिन्यात काय, याचा कुणाला पत्ता नाही. रंग फिका होत जातो, पिणारा पीत राहतो.

सदाफुली आणखी अवघड. सकाळी फिरायला निघालेली माणसं कुंपणाबाहेर आलेली तिची चार-पाच फुलं खुडून चावतात, कुणी पानं चावतं. साखरेसाठी. जगात अनेक ठिकाणी हीच समजूत होती, म्हणून 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी तिचा अर्क उंदरांवर तपासला. साखरेवर काही विशेष दिसलं नाही. उंदीर मात्र जंतुसंसर्गाने मरू लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच घटल्या होत्या. त्यातून विनब्लास्टिन निघालं, मग विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात विनक्रिस्टिन आजही देतात, शिरेतून, मिलिग्रॅमचे अंश मोजून. एवढ्या ताकदीचं झाड आपल्या अंगणात फुलतं याचा अभिमान वाटतो, आणि तेच झाड कुणी रोज अनशापोटी चघळतं हे बघून काळजीही. चार फुलांत औषध फार थोडं असतं, एवढाच काय तो दिलासा.

विडी वळणाऱ्या बाईंचा दुसरा आजार न विचारता कळतो. सुपात पानं आणि तंबाखू घेऊन दिवसभर बसायचं, तंबाखूची धूळ नाकातोंडात जायची. खोकला हा घरातल्या माणसासारखा होऊन जातो. यंत्रमागाच्या खोल्यांत कापसाचे तंतू उडतात, तिथेही तेच. इथे अडुळसा खरंच कामाचा. त्यातल्या व्हॅसिसिन या घटकावरून 1960 च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि पुढे अँब्रोक्सॉल. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर ही नावं सापडतील. ताज्या पानांचा रस 10 ते 20 मिलिलिटर घेतात. पानं नुसती कुटली तर रस निघत नाही, चाळणीत ठेवून वाफवायची, मऊ पडली की फडक्यात पिळायची. मधुमेह असेल तर खडीसाखर, मध वर्ज्य. गरोदरपणात अडुळसाच वर्ज्य, तो गर्भाशय आकुंचित करतो. आणि दमा असेल, छातीत शिट्टी वाजत असेल, तर अडुळसा कफ सैल करील पण आकुंचलेली, सुजलेली श्वासनळी मोकळी करायचं काम तोंडाने ओढायच्या फवाऱ्याचंच (इनहेलरचंच).

याच खोकल्याच्या काढ्यात बायका ज्येष्ठमध टाकतात, आणि तिथे दुसरी गडबड होते. ज्येष्ठमध नियमित घेतलं की शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. गोळ्या वाढवूनही बीपी खाली येत नाही, पायावर सूज येते, आणि डॉक्टरांना काढ्याबद्दल कुणी सांगितलेलंच नसतं. घसा बसल्यावर एखाददुसरा दिवस तुकडा चघळणं वेगळं, महिनोन्‌महिने काढ्यात उकळणं वेगळं.

रक्तदाबावर वनस्पतीचा सर्वांत मोठा विजय आपल्या देशातला आहे. सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या मुळाचा उच्च रक्तदाबावरचा अनुभव 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं झालं. वर्षानुवर्षं हे रक्तदाबाचं मुख्य औषध होतं. मग हळूहळू दिसायला लागलं की काही रुग्णांचं नाक सतत चोंदतं आणि काही जण खोल उदास होतात. मात्रा कमी केल्यावर त्रास घटला. रेसरपिनची मात्रा दिवसाला मिलिग्रॅमचा दहावा भाग किंवा त्याहून थोडी जास्त, एवढी बारीक आहे. मुळाची पूड चमच्याने खाणाऱ्याला आपण कितीपट घेतोय हे कसं कळावं?

कोविडच्या काळात गुळवेलीने हाच धडा दिला. कडुनिंबावर चढलेली वेल सापडली की लोक हातभर तुकडे तोडून न्यायचे. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या 6 रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ही दुसरी, तशीच दिसणारी वेल असू शकते. दोन्ही बाजूंनी वाद झाला. घेणाऱ्याने त्यातून दोन गोष्टी उचलाव्यात. वेल ओळखता येत नसेल तर तोडू नये. आणि थायरॉइडची किंवा सांध्यांची अशी व्याधी असेल जिच्यात शरीर स्वतःवरच उलटतं, तर प्रतिकारशक्ती चेतवणारी गुळवेल वैद्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवी गडद पिवळी झाली, अन्नावरची वासना गेली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच क्षणी सगळे काढे बंद करून यकृताची तपासणी करायची. दुधीच्या रसाचंही असंच. आधी तुकडा चाखायचा, कडू लागला तर अख्खा दुधी उकिरड्यावर. साखरेवर कडू चांगलं म्हणून तो नाक दाबून प्यायचा नसतो. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

गुडघ्यांबद्दल थोडक्यात. शल्लकीच्या डिंकाची चाचणी नागपुरात झाली, 2003 मध्ये निष्कर्ष आले. गुडघ्याची झीज झालेले 30 रुग्ण, आठ-आठ आठवडे. वेदना आणि सूज कमी झाली, एक्स-रेत बदल नाही. प्रामाणिक निष्कर्ष आहे तो. झीज भरत नाही, चालणं सुसह्य होतं. निर्गुंडीचा पाला ओढ्याकाठी फुकट मिळतो, तव्यावर गरम करून फडक्यातून शेकला तर आराम पडतो आणि नुकसान काही नाही. मात्र आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुडीने तीन दिवसांत गुडघा मोकळा झाला, भूक वाढली, महिन्याभरात चेहरा गोल दिसू लागला, तर आत स्टेरॉइड आहे असं समजावं. ती पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं, ती घेऊन डॉक्टरांकडेच जायला हवं.

आता आपल्या मातीतलं झाड. सोलापूरच्या मुरमाड माळावर, जिथे बाभूळही खुरटते, तिथे तरवड मजेत वाढतो. पाऊस सरता सरता त्याला पिवळी फुलं येतात आणि नवरात्राच्या सुमारास पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ती बतुकम्मा या फुलांच्या सणासाठी रचली जातात. ते त्याला तंगेडू म्हणतात. दक्षिणेत या फुलांचा चहा साखरेसाठी पितात, इथल्याही काही घरांत फुलं वाळवून ठेवतात. ओळखायचं तर पानाच्या बुडाशी बघा, देठाला लगटून कानाच्या पाळीसारखी दोन रुंद, गोलसर उपपर्णं असतात. पानातली छोटी छोटी पानं (पत्रिका) टोकाला बोथट, शेंग चपटी, कागदासारखी पातळ आणि तपकिरी. त्याच्याच भाऊबंदातला कासविंदा पिवळ्या फुलांमुळे चकवतो, पण त्याची पानं टोकदार, चुरगळली की घाण वास येतो, शेंग अरुंद आणि किंचित वाकडी, आणि बिया विषारी. रस्त्याकडेची फुलं नकोत, धूळ आणि धूर त्यांच्यात मुरलेला असतो. माळावरची, सकाळी दव उडाल्यावर खुडलेली, सावलीत वाळवलेली हवीत. वाळून फुलांचा पिवळा रंग टिकला तर नीट वाळली, काळपट पडली तर थप्पी फार जाड लावली होती.

तरवडावर उंदरांचे प्रयोग पुष्कळ झालेत. माणसांवरचं काम फार थोडं आहे.

पुडी घेऊन गेलेल्या बाईंना द्यायचं उत्तर असं: गोळी बंद करायची नाही. पुडीतली एकच वनस्पती निवडायची, ती ग्रॅमच्या काट्यावर तोलून रोज तेवढीच घ्यायची. घरात काटा नसतो, सोनाराकडे असतो, एकदा त्याच्याकडून मोजून घेतलं की चमच्यावर खूण करता येते. सुरू करण्याआधी एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि एसजीपीटी (यकृतासाठी) या रक्ततपासण्या करून घ्यायच्या. जेवण, चालणं, गोळ्या जशा आहेत तशाच ठेवायच्या, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आठवड्यातून दोनदा अनशापोटीची साखर वहीत लिहायची. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून एचबीएवनसी पुन्हा करायचं ते तीन महिन्यांनी, पंधरा दिवसांनी नाही. आकडा उतरला तर वही आणि पुडी दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवायची, गोळी कमी करायची की नाही ते त्यांनी ठरवायचं. उतरला नाही तर ती वनस्पती आपल्यासाठी नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर लसूण-हळदीच्या कॅप्सूलसकट सगळं आधीच सांगायचं, काहींमुळे रक्त थांबायला वेळ लागतो. टाईप वन मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्या प्रकारात, मात्र इन्सुलिनच्या जागी काही म्हणजे काहीही चालत नाही, एक दिवससुद्धा नाही.

एकेका घरातल्या वहीने एका माणसाचं उत्तर मिळेल. गावाचं उत्तर मिळवायचं तर शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आयुर्वेद महाविद्यालय आहे, माळावर तरवड आहे आणि साखरेचे रुग्ण घरोघर आहेत. एचबीएवनसी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान असलेले, गोळी चालू असलेले लोक घ्यावेत. निम्म्यांना एकाच माळावरच्या, एकाच हंगामातल्या वाळक्या फुलांच्या 3 ग्रॅमच्या पुड्या, निम्म्यांना तशाच रंगाचा साधा पाला, आणि कुणाला काय मिळालं हे देणाऱ्यालाही माहीत नको. तीन महिने, दर महिन्याला यकृत आणि मूत्रपिंडाची तपासणी. पुड्या भरायच्या कामाला पूर्व भागातल्याच बायका लावाव्यात, विडीत तंबाखू किती घालायचा हे ज्या हातांना बिनचूक कळतं त्यांना 3 ग्रॅम कळायला वेळ लागणार नाही, आणि या कामात तंबाखूची धूळही नाही. फुलं नवरात्रात मिळतात, म्हणजे माणसं निवडायचं काम श्रावणातच सुरू करायला हवं.